केनियात जाताय? काय खायचं, कसं मागायचं आणि कुठं फसायला होतं

नवऱ्याच्या कामामुळं आम्ही अडीच वर्षं नैरोबीत होतो. त्या काळात आई-बाबा, सासूबाई, दोन मावश्या, नणंदेचं अख्खं कुटुंब असे पाहुणे येऊन गेले आणि निघायच्या आधी प्रत्येकाचा फोनवर पहिला प्रश्न सिंहाचा नसायचा, "अगं, तिकडं खायला काय मिळतं?" हाच असायचा. सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही आणि बाबांना मटण म्हणजे जीव की प्राण, त्यामुळं दोन्ही टोकांचा अनुभव पदरात पडला. एक गोष्ट आधीच सांगते, केनियात उपाशी राहायची वेळ कुणावरच येत नाही, फसायला होतं ते ओळखीच्या शब्दांमुळं. समोसा, चपाती, पिलाव, हॉटेल हे सगळे शब्द तिथं आहेत पण प्रत्येकाचा अर्थ आपल्याला वाटतो तोच असेल असं धरून चालू नका. सगळं क्रमानं लिहिते, पहिल्यांदा जात असाल तर शेवटपर्यंत वाचा.

१. निघायच्या आधीची तयारी

कागदपत्रं आणि सामान दोन्ही एकत्रच लिहून घ्या:

– पासपोर्ट आणि ईटीए. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी हीच ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. प्रिंट काढून ठेवा.
– यलो फीव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड. याला खाण्याशी संबंध नाही पण हे विसरलात तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. घरातलं कुणी साठीच्या पुढचं असेल तर लस घ्यायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी नक्की बोला.
– स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या.
– तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, छोटी इलेक्ट्रिक किटली, स्टीलची बाटली, ओआरएसची पाकिटं.
– कोरडा खाऊ: शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या, भाजके पोहे. ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया अजिबात नेऊ नका.

डबे आणि कापडी पिशव्या का, तर २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती खरोखर पाळली जाते. आपल्याकडं प्रवासाला निघायचं म्हणजे चिवडा एका पिशवीत, लाडू दुसऱ्या पिशवीत, वर परत तिसरी पिशवी अशी बांधाबांध होते, ती घरीच सोडवून ठेवा. विमानतळावर ड्यूटी फ्रीची पिशवी हातात असेल तर तीही उतरल्यावर तिथंच टाकायची. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानं, जंगलं आणि समुद्रकिनाऱ्यांवर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक बाटल्यासुद्धा चालत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली.

२. आधी "होटेली" म्हणजे काय ते समजून घ्या

आपण जसं "चल हॉटेलात जाऊन मिसळ खाऊ" म्हणतो तसंच तिथंही होटेली म्हणजे जेवायची जागा, राहायची नाही. सगळ्यात साधी जागा म्हणजे किबांडा, पत्र्याची किंवा लाकडाची टपरी, दोन बाकडी, मोठमोठी पातेली आणि दुपारी बारा ते दोन नुसती गर्दी. आमच्या वेळी दीडशे-दोनशे शिलिंगात पोटभर जेवण व्हायचं (१ शिलिंग म्हणजे साधारण ६५-७० पैसे). त्याच्या वर मग साधी रेस्टॉरंट, मॉलमधली कॉफी हाउसं आणि मोठी हॉटेलं.

आणि मग आपली इंडियन रेस्टॉरंट, तीही भरपूर. १८९६ ते १९०१ मध्ये मोम्बासाहून रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते, त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले, गोव्याचे लोक कारकून आणि स्वयंपाकी म्हणून गेले आणि तिथंच रुजले. २०१७ मध्ये तर सरकारनं तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. नैरोबीच्या पार्कलँड्स भागात डायमंड प्लाझा आहे, तिथं डोसा, पावभाजी, चाट, थाळी सगळं मिळतं. तिथल्या फूड कोर्टात पाय ठेवला की वेगवेगळ्या स्टॉलची पोरं मेन्यू कार्ड घेऊन एकदम अंगावर येतात, घाबरू नका, आधी शांतपणे बसा आणि मग एकालाच बोलवा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर पहिल्या दिवशी थकून गेलेले असताना इथं जेवा, पण दहा दिवसांची ट्रिप रोज पनीर खाऊन संपवू नका हो, खूप काही राहून जातं.

३. हे शब्द पाठ करा

इंग्लिश जवळपास सगळीकडं चालतं, पण किबांड्यावर स्वाहिलीतले चार शब्द बोललात तर माणसं एकदम खुलतात.

– माजी म्हणजे पाणी. माजी मोटो गरम पाणी, माजी बारिदी गार पाणी.
– न्यामा म्हणजे मांस, कुकू कोंबडी, समाकी मासा, मायाई अंडं, म्बुझी बकरा, न्गोम्बे गाय-बैल.
– बिला म्हणजे शिवाय. बिला न्यामा, बिला मायाई.
– चुम्वी मीठ, सुकारी साखर, पिलीपिली मिरची, टांगाविझी आलं.
– बेई गानी? म्हणजे किंमत काय.
– असांते साना म्हणजे खूप धन्यवाद. निमेशिबा म्हणजे माझं पोट भरलं.

बाकी दुका म्हणजे दुकान, चाई म्हणजे चहा, गारी म्हणजे गाडी, पेसा म्हणजे पैसे, आचारी म्हणजे लोणचं! आईला हे इतकं आवडलं की ती रोज नवा शब्द शोधायची.

एक मात्र लक्षात ठेवा, स्वाहिली वेळ सहा तासांनी वेगळी असते. दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, त्यामुळं "सा मोजा" म्हणजे शब्दशः एक वाजता, पण खरं तर सकाळचे सात. कुणी स्वाहिलीत वेळ सांगितली तर परत एकदा इंग्लिशमध्ये विचारून घ्या, आमचं एक जेवण यामुळंच हुकलं होतं.

४. शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा

सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो. तिथं नुसतं न्यामा म्हटलं की बहुतेक वेळा गोमांसच धरतात. त्यामुळं "नो मीट" सांगितलं की समोरचा माणूस अगदी प्रेमानं कोंबडी घेऊन येतो, कारण त्याच्या लेखी कोंबडी हा वेगळा विषय आहे. म्हणून पूर्ण यादी म्हणायची:

"सिली न्यामा, कुकू, समाकी, वाला मायाई." मी मांस, कोंबडी, मासे खात नाही आणि अंडंही नाही.

आणि ताट समोर आल्यावर "ही इना न्यामा?" म्हणजे यात मांस आहे का. सासूबाईंनी ही दोन वाक्यं वहीत मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवली होती आणि पंधरा दिवसांत एकदाही अडचण आली नाही.

आता कुठं कुठं सावध राहायचं ते सांगते.

समोसा: रस्त्यावरचा, बेकरीतला, पेट्रोल पंपावरचा समोसा म्हणजे बीफचा खिमा असं धरूनच चाला. बटाट्याचा समोसा इंडियन दुकानात मिळतो, बाहेर "व्हेजिटेबल समोसा" असं विचारून, एक तोडून बघून मगच खा. माझ्या मावशीनं न विचारता घास घेतला आणि दोन दिवस तिला चैन पडली नाही, म्हणून इतकं पोटतिडकीनं लिहितेय.

पिलाव: आपल्याला मटार-गाजराचा आठवतो, तिथं पिलाव बहुतेक मांसातच शिजतो. मांसाचे तुकडे बाजूला काढून देतो म्हणाले तरी नको म्हणा. साधा भात हवा तर "वाली" मागा.

पालेभाजी आणि उसळ: भाजी शाकाहारीच असते पण कधी कधी वर मांसाचा रस्सा घालून देतात, "चव येईल" म्हणून. मसाल्याच्या तयार पुड्यांमध्येही बीफ फ्लेवर असतो. "बिला सुपू या न्यामा", मांसाचा रस्सा नको, असं सांगा.

मांडाझी: आपल्या गोड पुरीसारखा तळलेला फुगीर तुकडा, चहाबरोबर खातात. कुणी कुणी पिठात अंडं घालतात, विचारून घ्या.

सॉसेज आणि स्मोकी: हातगाडीवर मधे चिरून आत कचुम्बारी (कांदा-टोमॅटोची कचुंबर) भरून देतात, दिसायला छान पण मांसाचेच असतात.

आणि उपवास असेल तर? हे मला फार उशिरा कळलं. उकडलेली रताळी आणि उकडलेलं न्दुमा हा तिथला रोजचा नाष्टा आहे, हे न्दुमा म्हणजे अळूचा कंद. इंग्लिश मेन्यूवर त्याला ॲरोरूट लिहितात, आपण काहीतरी बिस्किट समजून सोडून देतो. मुहोगो म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, उकडून किंवा तळून मिळतो. चतुर्थीला सासूबाईंनी रताळी, दूध आणि आंबा खाल्ला आणि म्हणाल्या, पुण्यापेक्षा इथं बरं.

५. किबांड्यावर पहिलं ताट कसं मागायचं

पहिल्यांदा चपाती-न्देंगू मागा. न्देंगू म्हणजे अख्खे हिरवे मूग, कांदा-टोमॅटोत शिजवलेले, म्हणजे सरळ सरळ मुगाची उसळ. चपाती मैद्याची, पदर सुटलेली, जाडसर, आपल्या घडीच्या पोळीची चुलत बहीण म्हणा. एक चपाती घ्या, दोन संपत नाहीत.

मग उगाली. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून घोटून घोटून इतकं घट्ट करतात की सुरीनं कापून वाढता येतं. मीठही नसतं, त्यामुळं नुसती खाल्लीत तर आवडणार नाही. उजव्या हातानं लिंबाएवढा गोळा मोडायचा, हातातच वळायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. भाजी म्हणजे सुकुमा विकी, कोबीच्या कुळातली हिरवी पालेभाजी बारीक चिरून परतलेली. नावाचा अर्थच "आठवडा ढकला", महिन्याअखेरीला हात आखडला की हीच भाजी घर चालवते. कुठं टेरेरे दिसली तर जरूर घ्या, तो आपला माठ. पश्चिम केनियाकडं नाचणी-ज्वारीची तपकिरी उगाली मिळते, ती मला पांढरीपेक्षा कितीतरी जास्त आवडली.

नाचणीवरून आठवलं, सकाळी उजी मागून बघा. विम्बी म्हणजे नाचणी आणि उजी या विम्बी म्हणजे नाचणीची पेज, किंचित आंबट, गरमगरम. नाचणी मुळातली पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच आहे, आपल्या कोकणात आणि घाटावर ती तिथूनच आली, त्यामुळं तिथं ती पिताना मला उगाच माहेरी आल्यासारखं व्हायचं.

गिथेरी म्हणजे मक्याचे दाणे आणि राजमा एकत्र उकडून, मुकिमो म्हणजे बटाटा, मटार, मका आणि पाला एकत्र कुस्करून. दोन्ही पोटभरीचे, दोन्ही सौम्य. न्जाही म्हणजे आपल्या पावट्याच्याच कुळातलं काळं कडधान्य. एकूणच आतल्या भागातलं जेवण कमी तिखट, मीठ-कांदा-टोमॅटोवर चालणारं, आपली चटणी इथंच कामी येते, पण आधी तसंच खाऊन बघा आणि मग काढा, वाढणाऱ्या बाईसमोर घास न घेताच डबा उघडणं बरं दिसत नाही.

चहाचं वेगळं सांगते. मोठ्या हॉटेलात नुसता "टी" मागितलात तर गरम पाणी, पिशवी आणि वेगळं दूध येतं. "आफ्रिकन टी" म्हणा, दूध-पाणी एकत्र उकळलेला आपल्यासारखा चहा येतो, आलं हवं तर "चाई या टांगाविझी". साखर बहुतेक वेळा वेगळी देतात. घसा धरला असेल तर "दावा" मागा, आलं-लिंबू-मधाचं गरम पाणी.

आणि पोटाची काळजी: नळाचं पाणी पिऊ नका, सीलबंद किंवा उकळलेलं प्या, पहिले दोन दिवस रस्त्यावरचं कच्चं काही नको. भाजलेलं कणीस मात्र बिनधास्त खा, लिंबू-तिखट चोळूनच देतात!

६. न्यामा चोमा, मांसाहारी मंडळींसाठी

बाबा अजून याच्या आठवणी काढतात. न्यामा चोमा म्हणजे कोळशावर भाजलेलं मांस, बहुतेक बकऱ्याचं, मसाला काही नाही, फक्त मीठ. पद्धत अशी:

पहिलं, दुकानाच्या तोंडाशीच खाटिकाचा काउंटर असतो, तिथं जाऊन तुकडा स्वतः निवडायचा. म्बावू म्हणजे बरगड्या, पाजा म्हणजे मांडी. दुसरं, वजन आपल्यासमोर करून घ्यायचं, नुसू किलो म्हणजे अर्धा किलो. हे वजन कच्च्याचं असतं, भाजल्यावर कमी होतं, नंतर वाद घालू नका. बीफ नको असेल तर "म्बुझी" असं दोनदा सांगा आणि काउंटरवर बोट दाखवा. तिसरं, थांबायचं. तासभर सहज लागतो, भुकेल्या पोटी जाऊ नका, मधल्या वेळात हाडांचं सूप मिळतं. चौथं, एक माणूस लाकडी फळी घेऊन येतो, टेबलावरच तुकडे करतो, बाजूला मिठाचा ढीग आणि कचुम्बारी म्हणजे आपली कांदा-टोमॅटोची कचुंबर. जेवायच्या आधी हात धुवायला कोमट पाण्याचं भांडं येतं किंवा बेसिन असतं. मग हातानं खायचं.

नैरोबीत केन्याटा मार्केट यासाठी प्रसिद्ध आहे आणि नाकुरूच्या रस्त्यावर गिलगिलजवळ किकोपे नावाचं ठिकाण आहे, तिथं रस्त्याच्या कडेला ओळीनं चोमाचीच दुकानं. १९८० मध्ये सुरू झालेलं कार्निव्होर पर्यटकांना हमखास दाखवतात, टेबलावरचा छोटा झेंडा खाली पाडेपर्यंत वाढत राहतात. पूर्वी तिथं जंगली प्राण्यांचं मांस असायचं, २००४ पासून ते बंद आहे, आता शहामृग आणि मगर फार्मवरची. एकदा बघायला ठीक आहे, पण चवीला बाबांना किकोपेच आवडलं आणि मीही तेच सांगेन.

गावठी कोंबडी हवी तर "कुकू किएन्येजी" मागा, चिवट असते पण रस्सा सुरेख होतो. व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूला गेलात तर अख्खा तिलापिया मासा, तळलेला किंवा रश्श्यातला, उगालीबरोबर.

७. मोम्बासा आणि किनारा

इथं चव एकदम बदलते, नारळ, वेलची, लवंग, चिंच, आणि आपलं कोकण आठवतं. सकाळी म्बाझी-महामरी चुकवू नका, तुरीचे अख्खे दाणे नारळाच्या दुधात शिजवलेले आणि बरोबर वेलचीचा वास असलेली फुगलेली त्रिकोणी महामरी. संध्याकाळी विआझी कराई, हळदीच्या पिठात बुडवून तळलेला बटाटा, वर उक्वाजू म्हणजे चिंचेची चटणी. मामा न्गिना वॉटरफ्रंटला समुद्र बघत माडाफू म्हणजे शहाळं प्या आणि माबुयू घ्या, गोरखचिंचेच्या बिया लाल साखरेत घोळवलेल्या, बोटं लाल होतात पण मुलं खूश.

किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी आहे. रमजानमध्ये साधी होटेली दिवसभर बंद असतात, दुपारच्या जेवणाची सोय आधी बघून ठेवा, उघड्यावर खात फिरू नका. सूर्यास्तानंतर मात्र जुन्या शहरात खाण्याची नुसती चंगळ असते.

नैरोबीहून मोम्बासाला रस्त्यानं जाणार असाल तर वाटेत मकिंडूला थांबाच. तिथला गुरुद्वारा १९२६ चा आहे, कुठल्याही धर्माच्या प्रवाशाला लंगरमध्ये गरम शाकाहारी जेवण मिळतं, पैसे मागत नाहीत. डोकं झाका, पादत्राणं बाहेर काढा, ताटात लागेल तेवढंच घ्या, जमेल तेवढं दानपेटीत टाका. सासूबाई तिथं जेवून उठल्यावर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, इतक्या लांब कुणी आपल्यासाठी पोळी करून ठेवलीय.

८. सफारीवर

कॅम्पमध्ये तिन्ही वेळचं जेवण बहुतेक बुफे असतं आणि भारतीय पाहुण्यांची सवय असते. तरी बुकिंग करतानाच शाकाहारी किंवा जैन असं लेखी कळवा आणि पोचल्यावर शेफला प्रत्यक्ष भेटून परत सांगा. खरी अडचण होते ती दुपारच्या लंच बॉक्सची, ठरलेला डबा म्हणजे उकडलेलं अंडं, कोंबडीची तंगडी, केक. आदल्या रात्री रिसेप्शनला सांगितलंत तर भाजीचं सँडविच आणि फळं मिळतात, सकाळी सहाला सांगून काही होत नाही.

गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून खाऊ नका, माकडं आणि बबून हातातलं ओढून नेतात, पिकनिकच्या जागी घारीही झडप घालतात. प्राण्यांना काही टाकू नका, चिवड्याचा दाणासुद्धा नाही. आणि ड्रायव्हर-गाइडला आपल्या डब्यातलं काही देणार असाल तर आधी विचारून द्या, आमच्या गाइडना शेंगदाण्याची चटणी इतकी आवडली की डबाच देऊन आलो.

९. पैसे कसे द्यायचे

मॉल आणि मोठ्या रेस्टॉरंटमध्ये कार्ड चालतं, किबांड्यावर रोख किंवा एम-पेसा. ही २००७ पासूनची मोबाइलवरची पैशांची सोय आहे, आपल्याकडं यूपीआय यायच्या कितीतरी आधीची. आठवडाभरापेक्षा जास्त राहणार असाल तर पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि दुकानातच एम-पेसा सुरू करून घ्या. काउंटरवर टिल नंबर लिहिलेला असतो, तो टाकायचा, स्क्रीनवर आलेलं नाव दुकानाचं आहे ना बघायचं, मग पिन.

बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का बघा. नसेल तर चांगल्या रेस्टॉरंटमध्ये दहा टक्के ठेवतात, किबांड्यावर टिपची अपेक्षा नसते. रोख देताना सुटे पैसे जवळ ठेवा, सकाळी सकाळी हजाराची नोट कुणालाच नको असते.

१०. परत निघताना

चहा आणि कॉफी सुपरमार्केटमधून घ्या, विमानतळावर महाग पडते. कॉफीच्या पाकिटावर डबल ए दिसलं तर दाणे मोठ्या आकाराचे. बॅग भरताना पिवळं कार्ड मात्र चेक-इनच्या सामानात जाऊ देऊ नका, पासपोर्टच्या आतच ठेवा, मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच ते मागतात.